मानवत खून-प्रकरणाचीं साधनें : एक परीक्षण

इ. स. १९७२ ते १९७४ या काळांत परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें झालेल्या खुनांच्या मालिकेविषयीं आजवर जें लिहिलें गेलें व पडद्यावर दाखविलें गेलें, त्याचें साधन या दृष्टीनें परीक्षण करण्याचें या लेखांत योजिलें आहे. इतिहास-संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत फौजदारी खटल्याची चर्चा कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, एखादी घटना प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें एकेक करून निघून जाऊं लागलीं आणि तिच्याविषयींचे कागद व कथा मात्र वाढूं लागल्या, म्हणजे ती घटना इतिहासाच्या हद्दींत आलीच. मानवत-प्रकरणास अर्धशतक उलटलें. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तपासाधिकाऱ्याच्या आठवणी आहेत, एक बोलपट आहे व अलीकडे एक चित्रमालिकाही झाली. या चार साधनांनीं सांगितलेली हकीकत एक नाहीं. तरीही लोकांच्या तोंडीं ती एकच होऊन बसली आहे. ती कशी बसली व तिच्यांतील कोणता भाग प्रमाण मानतां येतो, हें पाहणें आम्हांस आवश्यक वाटतें.

१

प्रथम निर्विवाद भाग वेगळा काढूं. मानवत हें आज तालुक्याचें ठिकाण आहे. मनमाड–काचीगुडा लोहमार्गावर 'मानवत रोड' नांवाचें स्थानक आहे आणि कापसाची बाजारपेठ म्हणून या गांवाचें नांव मराठवाड्यांत जुनें आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ मध्यें तो द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्र राज्यांत आला. खुनांस प्रारंभ झाला तो १९७२ च्या दुष्काळांत. महाराष्ट्राच्या लक्षांत राहिलेलें तें कठीण वर्ष होतें.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या सुमारें चौदा महिन्यांत दहा खून झाले. मारल्या गेलेल्या दहाही व्यक्ती स्त्रीजातीच्या होत्या. त्यांपैकीं पांच सुमारें दहा वर्षांच्या मुली, एक अवघी दीड वर्षाची बालिका व चार पस्तिशीच्या आसपासच्या स्त्रिया. शेवटच्या दिवशीं एक माता व तिच्या दोन मुली एकदमच मारल्या गेल्या. मृतांत हिंदु होत्या तशा मुसलमानही होत्या, आणि बहुतेक गरीब घरच्या होत्या. त्यांचीं नांवें निकालांत आहेत. आम्ही तीं येथें देत नाहीं. कारण त्यांचे आप्त आजही त्या पंचक्रोशींत नांदत असतील.

याच्या पुढें जें कांहीं सांगितलें जातें तें सर्व पुराव्याच्या प्रांतांतील आहे. तेथें प्रत्येक विधानास 'हें कोणीं सांगितलें व कोणत्या अवस्थेंत सांगितलें' असा प्रश्न विचारल्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं.

२

सरकारपक्षाची हकीकत थोडक्यांत अशी होती. मानवत नगरपालिकेचे एके काळचे अध्यक्ष व गांवांतील धनिक गृहस्थ उत्तमराव बारहाते आणि त्यांच्या सहवासांत राहणाऱ्या पारधी समाजांतील रुक्मिणीबाई यांनीं कांहीं माणसें हाताशीं धरून हे खून करविले. पिंपळाच्या झाडाखालीं गुप्तधन आहे, त्यावर मुंज्याची सत्ता आहे, तें हातीं लागावें व रुक्मिणीबाईंस अपत्य व्हावें म्हणून कुमारिकांच्या रक्ताचा नैवेद्य दाखवावयाचा, असा या कटाचा हेतु सांगण्यांत आला.

हकीकत ऐकतांच पटते, आणि तेंच तिचें धोक्याचें स्थान आहे. पिंपळ, मुंजा, पुरलेलें धन व वांझपणाचें दुःख हीं चारही अंगें आपल्या लोककथांतून आपण लहानपणापासून ऐकलेलीं आहेत. सोडमुंज होण्यापूर्वीं मेलेला मुलगा पिंपळावर वास करतो, ही समजूत महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. सरकारनें जमिनींत सांपडणाऱ्या धनाविषयीं १८७८ सालीं स्वतंत्र कायदा करावा, इतकें तें प्रकरण आपल्या देशांत नित्याचें होतें. ओळखीच्या कथेच्या सांच्यांत बसणारी हकीकत पुराव्यावांचूनही खरी वाटूं लागते. आम्ही तिला खोटी म्हणत नाहीं. ती सुलभ आहे एवढेंच म्हणतों, आणि सुलभ हकीकतीची परीक्षा अधिक कठोर घ्यावी असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे.

शिवाय हेतूची मांडणी तपासून पाहतां एक गोष्ट चटकन नजरेस येते. कुमारिकांच्या रक्ताची कल्पना मान्य केली तर पांच मुलींच्या मृत्यूचा अर्थ लागतो. चार प्रौढ स्त्रियांचा व दीड वर्षाच्या बालिकेचा अर्थ त्या एका कल्पनेनें लागत नाहीं; त्यासाठीं हेतूंत कांहीं भर घालावी लागते. दहा मृत्यूंस एकच सूत्र लावण्याची घाई ही प्रत्येक मालिका-खुनाच्या कथनांत दिसते. तें सूत्र पुराव्यांतून निघालें कीं पुराव्यावर चढविलें, हें प्रत्येक मृत्यूपुरतें वेगळें पाहिलें पाहिजे.

३

चार साधनांत पहिलें स्थान अर्थातच निकालाचें. परभणीचें सत्र न्यायालय, मुंबईचें उच्च न्यायालय व शेवटीं दिल्लीचें सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या हा खटला चढला. औरंगाबादचें खंडपीठ त्या काळीं अस्तित्वांत नव्हतें. 'दगडू व इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नांवानें प्रसिद्ध असलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९ एप्रिल १९७७ रोजीं झाला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांचें. पुढील वर्षीं ते भारताचे सरन्यायाधीश झाले.

हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांस तीन गोष्टींसाठीं परिचित आहे. पहिली, माफीच्या साक्षीदाराची साक्ष. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें १३३ वें कलम म्हणत असे कीं, साथीदाराच्या पुष्टि न मिळालेल्या साक्षीवर दोषी ठरविणें तेवढ्यानेंच बेकायदा होत नाहीं. त्याच कायद्याच्या ११४ व्या कलमाचें एक उदाहरण म्हणत असे कीं, असा साथीदार महत्त्वाच्या बाबतींत पुष्टि मिळेपर्यंत विश्वासास अपात्र समजावा. या दोन वचनांचा मेळ घालून न्यायालयानें सांगितलें कीं, पुष्टीवांचून अशा साक्षीवर विसंबणें धोक्याचें आहे, आणि सावधगिरीचा हा नियम आतां कायद्याइतकाच दृढ झाला आहे. पुष्टि ही गुन्हा घडल्याची पुरत नाहीं. अमुक आरोपीचा त्याशीं संबंध दाखविणारी असावी लागते. दुसरी गोष्ट कबुलीजबाबाची. दंडाधिकाऱ्यानें तो कोणत्या सावधगिरीनें नोंदवावा याची छाननी या निकालांत आहे, आणि तपासाच्या उत्साहांत पोलिसांनीं कोठडींतील माणसांवर बळ वापरण्याच्या मोहाविरुद्ध स्पष्ट इशाराही आहे. तिसरी गोष्ट शिक्षेपूर्वीं आरोपीचें म्हणणें ऐकण्याची. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २३५ व्या कलमानें हा हक्क नव्यानेंच दिला होता. तें ऐकणें राहून गेलें असेल तर खटला खालीं परत पाठविण्याऐवजीं वरिष्ठ न्यायालयानेंच ती संधि द्यावी, असा मार्ग या निकालानें घालून दिला.

या कसोट्या लावल्यावर फळ काय झालें? उत्तमराव बारहाते व रुक्मिणीबाई हीं दोघें शेवटीं पुराव्याअभावीं मुक्त झालीं. कांहीं इतर आरोपींविरुद्धची दोषसिद्धि मात्र टिकली. म्हणजे हातांपैकीं कांहीं हात न्यायालयास दिसले. त्या हातांमागें असल्याचें सांगितलेलें मस्तक सिद्ध झालें नाहीं. 'मानवतचें प्रकरण अंशतः अनुत्तरित आहे' असें जें आम्ही म्हणतों त्याचा नेमका अर्थ हा.

येथें दोन प्रकारचे वाचक दोन प्रकारच्या चुका करतात. एक म्हणतो, न्यायालयानें सोडलें म्हणजे कट झालाच नाहीं. दुसरा म्हणतो, न्यायालयानें तांत्रिक कारणानें सोडलें. खरें काय तें सर्वांस ठाऊक आहे. पहिला निकालास जें सांगावयाचें नव्हतें तें त्याच्या तोंडीं घालतो, कारण फौजदारी न्यायालयापुढील प्रश्न 'या आरोपीवर आरोप शाबीत झाला काय' इतकाच असतो. दुसऱ्याची चूक अधिक गंभीर आहे. साथीदाराच्या साक्षीस पुष्टि हवी, हा नियम तांत्रिक नव्हे. आपली मान सोडविण्यासाठीं दुसऱ्याची मान पुढें करणाऱ्या मनुष्याचा मोह ओळखूनच तो झालेला आहे. आमच्या मतें बखरकाराच्या विधानास समकालीन कागदाचा आधार मागणारा संशोधक व माफीच्या साक्षीदारास स्वतंत्र पुष्टि मागणारा न्यायाधीश एकाच विवेकानें चालतात. नव्या भारतीय साक्ष अधिनियमानें, जो १ जुलै २०२४ पासून अंमलांत आला, साथीदाराविषयींच्या कलमाचे शब्दच बदलून 'पुष्टि मिळालेल्या' साक्षीवरील दोषसिद्धि बेकायदा नव्हे असें म्हटलें आहे. जो नियम न्यायाधीशांनीं परंपरेनें राखिला तो आतां कायद्याच्या अक्षरांत आला.

निकाल हें साधन म्हणून श्रेष्ठ असलें तरी त्यासही मर्यादा आहेत. त्यांत मृतांविषयीं सांगितलें जातें तें आरोपाच्या गरजेपुरतें. वय, तारीख, प्रेताची जागा व जखमा यांपलीकडे त्या दहा जणी कोण होत्या, हें निकालांत शोधूं नये.

४

दुसरें साधन तपासाधिकाऱ्याच्या आठवणींचें. स्थानिक पोलिसांकडून उलगडा होईना तेव्हां मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांची योजना झाली. १९६८ सालीं मुंबईंत फुटपाथवर व झोपड्यांत निजलेल्या माणसांस मारणाऱ्या रामन राघव याच्या प्रकरणाचा छडा लावणारे अधिकारी म्हणून त्यांचें नांव तेव्हांच सर्वतोमुखीं झालें होतें. 'फूटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम' या इंग्रजी आठवणींत त्यांनीं मानवतची हकीकत सांगितली आहे.

अधिकाऱ्याच्या आठवणींचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. गांवांतील भय, साक्षीदारांचें मौन व वजनदार माणसाविरुद्ध तोंड उघडण्याची कोणाची छाती न होणें, या गोष्टी निकालपत्रांत येत नाहींत; त्या जागेवर जाऊन तपास करणाऱ्यासच कळतात. परंतु असें लेखन करणारा स्वतः त्या वादांतील एक पक्ष असतो. त्यास एक कोडें पडलेलें असतें व त्याचें उत्तर त्यास मिळालेलें असतें. तो सांगतो तें उत्तराकडून कोड्याकडे. ज्या धाग्यांनीं कांहीं निष्पन्न झालें नाहीं ते त्याच्या कथनांतून गळतात. मुंबई व मानवत यांतील फरकही येथें ध्यानांत घेतला पाहिजे. रामन राघवनें कबुली दिली आणि लपविलेलीं हत्यारें स्वतः दाखविलीं. म्हणजे वस्तूंनीं शब्दांस दुजोरा दिला. पुण्यांत जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळांत जे दहा खून झाले व जे जोशी–अभ्यंकर खून म्हणून प्रसिद्ध आहेत, तेथेंही एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला होता. पण त्याच्या साक्षीस पुष्टि मिळाली, शिक्षा सर्व पायऱ्यांवर टिकली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास चौघांस फांशी झाली. मानवत येथें मुख्य म्हणून पुढें केलेल्या दोघांपुरता तो सांधा जुळला नाहीं. तपासाधिकाऱ्याचा निश्चय कितीही प्रामाणिक असला तरी निश्चय व सिद्धि यांत जें अंतर सर्वोच्च न्यायालयानें दाखविलें, तें आठवणींच्या वाचनानें भरून निघत नाहीं.

५

या प्रकारच्या साधनांविषयीं आपल्या प्रांतानें पूर्वीं एकदां मोठा धडा घेतलेला आहे, म्हणून थोडें विषयांतर करतों. इ. स. १८३० च्या सुमारास विल्यम स्लीमन यानें ठगांविरुद्ध मोहीम चालविली. तिचा सारा डोलारा माफी मिळालेल्या ठगांच्या जबान्यांवर उभा होता. फिरंगिया हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. स्लीमनचा 'रामसीआना' हा ग्रंथ १८३६ सालीं निघाला. १८३९ सालीं निजामाच्या नोकरींतील फिलिप मेडोज टेलर यानें 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली, आणि विलायतेंत तिनें मोठी लोकप्रियता मिळविली. जबानी, तिच्यावर अहवाल, अहवालावर कादंबरी, व कादंबरीवरून लोकांची कायमची समजूत, असा हा प्रवास झाला. त्या जबान्यांत देवीचा कौल, भाषेचे संकेत व धर्मविधि यांचें जें वर्णन आहे त्यांतील किती ठगांचें व किती विचारणाऱ्याचें, या प्रश्नावर इतिहासकारांचा वाद आजही चालू आहे. वाटमारी झाली, माणसें गळा आवळून मारलीं गेलीं, याविषयीं कोणास शंका नाहीं. वाद आहे तो त्या खुनांमागील धर्मकल्पनेच्या चित्राविषयीं.

मानवतचा प्रवासही त्याच वाटेनें झाला आहे. खून खरे आहेत. त्यांमागील अघोरी उपासनेचें चित्र मात्र बव्हंशीं अशा माणसांच्या तोंडून आलें कीं, ज्यांच्या बोलण्यास पुष्टि मागावी लागते. ठगांच्या बाबतींत चिकित्सा व्हावयास शतकाहून अधिक काळ गेला. मानवतच्या बाबतींत तितकें थांबण्याचें कारण नाहीं.

याच धड्याचें दुसरें अंग जातीचें आहे. ठगांच्या मोहिमेच्याच मनोवृत्तींतून पुढें १८७१ सालीं ब्रिटिश सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला व अनेक भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारध्यांवरही तो बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा उठला. मानवतचा पहिला खून झाला तेव्हां त्या गोष्टीस जेमतेम वीस वर्षें झालीं होतीं. कागदावरचा शिक्का पुसला होता, लोकांच्या मनांतला पुसला नव्हता. अशा समाजांतील एक स्त्री, ती धनिकाच्या घरांत, अपत्यहीन, आणि मंत्रतंत्र जाणणारी अशी ख्याति. संशयास यापेक्षां तयार भूमि कोणती? तिच्याविरुद्ध पुरावा पाहूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो वजन करतांना हें आधींचें पारडें किती खालीं झुकलें होतें, तें मोजलें पाहिजे. सर्व कथनांत तिचा उल्लेख एकेरी व तिच्याबरोबरच्या पुरुषाचा 'राव' लावून होतो. आम्हीं या लेखांत दोघांचाही उल्लेख सारख्याच रीतीनें केला आहे तो याच कारणास्तव.

६

तिसरें व चौथें साधन पडद्याचें. अमोल पालेकर यांचा 'अक्रीत' हा बोलपट १९८१ चा. दिग्दर्शक या नात्यानें तो त्यांचा पहिला, व पटकथा विजय तेंडुलकरांची. मानवतच्या घटनांवर तो आधारलेला असला तरी त्यांत पात्रांचीं नांवें बदललेलीं आहेत: पुरुष मुकुटराव, स्त्री रुही. ही लहान गोष्ट नव्हे. नांव बदलल्यानें कलाकृति सांगते कीं, 'मी एका माणसाविषयीं बोलत नाहीं, माणसाच्या लोभाविषयीं बोलतें.' ती हकीकत मनुष्यस्वभावाच्या दृष्टीनें खरी आहे कीं नाहीं, एवढेंच प्रेक्षकानें पहावें. तेंडुलकरांच्या नाटकांशीं परिचित असलेल्यास सत्ता, काम व हिंसा यांची ही जुळणी ओळखीची वाटेल. इतिहासाचें साधन म्हणून मात्र 'अक्रीत' मानवतविषयीं कांहीं सांगत नाहीं. १९८१ च्या सुमारास सुशिक्षित महाराष्ट्रानें मानवतकडे कसें पाहिलें हें तें सांगतें, आणि त्या कामीं तें उत्तम साधन आहे.

'मानवत मर्डर्स' ही आशिष बेंडे यांनीं दिग्दर्शित केलेली चित्रमालिका ऑक्टोबर १९७७ नव्हे, तर निकालानंतर सत्तेचाळीस वर्षांनीं, ऑक्टोबर २०२४ मध्यें प्रसृत झाली. ती कुलकर्णी यांच्या आठवणींवर आधारलेली असून आशुतोष गोवारीकर त्यांच्या भूमिकेंत आहेत. उत्तमरावांची भूमिका मकरंद अनासपुरे यांनीं व रुक्मिणीबाईंची सोनाली कुलकर्णी यांनीं केली आहे. मराठवाड्याच्या बोलीस व गांवच्या वातावरणास एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गापुढें स्थान मिळालें, ही तिची जमेची बाजू. आमचा आक्षेप अभिनयास किंवा कारागिरीस नाहीं. तो पद्धतीस आहे. येथें नांवें खरीं आहेत. आणि आधार तपासाधिकाऱ्याच्या कथनाचा, म्हणजे फिर्यादपक्षाच्या बाजूचा. ज्या दोन व्यक्ती न्यायालयांतून शेवटीं मुक्त झाल्या त्यांच्या खऱ्या नांवानें पात्रें उभीं करून त्यांच्या घरांत, एकांतांत काय बोलणें झालें तें दाखविणें म्हणजे ज्या भागास पुष्टि मिळाली नाहीं नेमका तोच भाग डोळ्यांपुढें घडवून आणणें होय. न्यायालयापुढें जें ऐकीव होतें तें प्रेक्षकापुढें प्रत्यक्ष झालें. शेवटच्या पाटीवर निकाल सांगून या परिणामाची भरपाई होत नाहीं. पाहिलेलें मनांत राहतें, वाचलेलें विसरतें.

कोणी म्हणेल, कलावंतास इतकें स्वातंत्र्य नको काय? जरूर असावें. 'अक्रीत'नें तें घेतलें आणि नांवें सोडलीं. खरीं नांवें व निर्बाध कल्पना हीं दोन्ही एकाच वेळीं मागणें, हें मात्र आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

७

आमच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येण्याजोगा आहे, त्याचा विचार केल्याविना लेख संपविणें उचित होणार नाहीं. अंधश्रद्धेविरुद्ध झटणाऱ्या कार्यकर्त्यांनीं मानवतचा दाखला वर्षानुवर्षें दिला आहे. नरबळीची भीति खोटी नाहीं. ती खरी आहे म्हणूनच महाराष्ट्रानें २०१३ सालीं नरबळी व इतर अमानुष, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोळकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाल्यावर त्याचा वटहुकूम निघाला व डिसेंबरांत विधिमंडळानें तो कायदा संमत केला. मग मानवतच्या हेतूविषयीं शंका काढणें म्हणजे या चळवळीचें शस्त्र बोथट करणें नव्हे काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. अंधश्रद्धेचें मूळ पुराव्यावांचून विश्वास ठेवण्यांत आहे. तिच्याशीं लढतांना पुराव्याच्या कसोटीस न उतरलेली हकीकत सिद्ध म्हणून सांगितली, तर तीच संवय आपण दुसऱ्या दारानें आंत घेतों. मानवतविषयीं असें म्हणावें कीं, तेथें दहा स्त्रिया व मुली मारल्या गेल्या; गुप्तधन व अपत्य यांसाठीं बळी दिल्याचा आरोप झाला; आणि तो आरोप ज्या समाजांत क्षणांत विश्वसनीय ठरला, त्या समाजांत या समजुती किती खोल होत्या हें त्यावरून दिसतें. एवढेंही चळवळीस पुरेसें बळ देतें, व त्यांत असत्य कांहीं नाहीं.

८

पुढील कामाविषयीं थोडें लिहून हें परीक्षण पुरें करतों. १९७७ च्या निकालाचें काळजीपूर्वक केलेलें मराठी भाषांतर, टिपणांसह, प्रसिद्ध व्हावें. या प्रकरणावर मत देणाऱ्या बहुतेकांनीं तो वाचलेला नसतो. सत्र न्यायालयापुढील साक्षीपुरावे हेंच मूळ साधन होय. जिल्हा न्यायालयांतील जुने कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्याची रीत असते. तीपासून तें दप्तर राखण्यासाठीं प्रयत्न झाला पाहिजे. त्या काळच्या मराठवाड्यांतील वृत्तपत्रांचे अंक तारीखवार लावून, कोणती गोष्ट प्रथम केव्हां छापली गेली तें पहावें. गुप्तधनाची हकीकत अटकेपूर्वीं गांवांत बोलली जात होती कीं अटकेनंतर पसरली, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून आहे. आणि मानवतमधील वृद्धांच्या आठवणी त्यांच्या संमतीनें नोंदवून घ्याव्या. त्या काळीं ज्या मुली दहा वर्षांच्या होत्या त्या आज साठी ओलांडलेल्या आहेत. सांजवेळीं घराबाहेर न पडण्याची ताकीद त्यांनीं ऐकली असेल, शाळेंतली किंवा शेजारची एखादी सोबतीण गमावली असेल. त्यांस अजून कोणीं विचारलेलें दिसत नाहीं.

हें शेवटचें काम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. कायद्याच्या ग्रंथांत मानवत म्हणजे माफीचा साक्षीदार व २३५ वें कलम. पडद्यावर मानवत म्हणजे पिंपळ, मुंजा व एक चतुर अधिकारी. दोन्हींकडे त्या दहा जणींचें काम मरणें एवढेंच आहे. त्यांस कोणीं मारविलें याचें पूर्ण उत्तर न्यायालयास मिळालें नाहीं, आणि न मिळालेलें उत्तर आपल्या पदरचें घालण्याचा अधिकार इतिहासकारासही नाहीं. परंतु त्या कोण होत्या, कोणत्या घरच्या होत्या, त्या दिवशीं कोणत्या कामासाठीं बाहेर पडल्या होत्या, या प्रश्नांचीं उत्तरें द्यावयास कोणत्याही माफीच्या साक्षीदाराची गरज नाहीं. परभणी व मानवत येथील अभ्यासकांनीं हें काम हातीं घ्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.